एकशे चाळीस नंबर

दुष्काळानं कवठाळवाडीचं एकच भलं केलं. सरजाबाईचं दूध घट्ट झालं.

वीस वर्षं ती बाई गावाला दूध घालत होती, आणि वीस वर्षं गाव तिच्या चरवीत वाकून बघत होतं की यात म्हैस किती आणि विहीर किती. त्या साली गावातल्या दोन्ही विहिरींनी तळ दाखवला आणि दुधात घालायला सरजाबाईकडं पाणीच उरलं नाही. "घ्या आता इमानदारीचं," असं म्हणून ती माप उपडं करायची. लोकांना आधी बरं वाटायचं, मग कारण आठवायचं.

किशनरावांनी मात्र यातून धडा घेतला. घट्ट ते खरं, पातळ ते लबाड. वरण घट्ट, ताक घट्ट, माणसाचा आवाजसुद्धा घट्ट. त्यांचा स्वतःचा आवाज असा होता की ओसरीत बसून त्यांनी बायकोला पाणी मागितलं तर चौथ्या घरातली सून उठून उभी राहायची.

लातूर नवा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. जिल्हा उस्मानाबादला होता तोवर किशनराव गावात मोठे होते आणि सुखात होते. जिल्हा चाकूरच्या पलीकडं, तासाभराच्या अंतरावर आला आणि त्यांना जिल्ह्यात मोठं व्हायची तल्लफ आली. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नव्या कचेऱ्या म्हणजे नव्या समित्या, आणि समिती म्हटली की खुर्ची आलीच. आता खुर्चीपर्यंत एस्टीनं कसं जायचं? धोतराला कोंबडीची विष्ठा लागली तर समितीवर कोण घेईल? म्हणून त्यांनी नांदेडच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरची सायीच्या रंगाची जुनी अंबासिडर घेतली. गावात आणून तिला नारळ फोडला. नारळातही पाणी नव्हतं.

गाडी आली, पण ती चालवणार कोण? गावात ते एकट्या लिंबाजीला यायचं.

लिंबाजी कांबळे वस्तीवरचा. पंधरा वर्षं फौजेत गाड्या उघडायचं आणि परत जोडायचं काम करून पेन्शनीवर आलेला. घरात बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली लोखंडी पेटी, पेटीत फडक्यात गुंडाळलेले पाने. बोलायला कमी, कामाला चोख. किशनरावांचं त्याच्याशी सगळं जमलं असतं, पण एक गोष्ट काट्यासारखी सलायची. सगळं गाव त्यांना 'मालक' म्हणायचं. लिंबाजी 'किशनराव' म्हणायचा. तेही 'तुम्ही' लावून, अगदी अदबीनं, त्यामुळं रागवायची सोय नव्हती.

पुढच्या सोमवारी अकरा वाजता लातूरच्या कचेरीत टँकरच्या दरखास्ती घेणार होते. बारा वाजता साहेब दौऱ्यावर निघणार, मग पुढची बैठक महिन्यानं. महिना कुणाला निघत होता? बायका तीन कोसांवरून पाणी आणत होत्या, तेही झिरपलं तर. गावानं दरखास्त लिहिली, खाली अंगठे उठवले. लिंबाजी म्हणाला, "पहिल्या एस्टीनं नेऊन देतो."

"गाडी दारात असताना एस्टीनं?" किशनराव गरजले. "दरखास्त माझ्या हातानं जाईल. समोर बसून देतो."

समोर बसायचं कारण वेगळं होतं. दरखास्तीत एक रकाना होता, टँकर कोणत्या विहिरीत रिकामा करायचा. तो त्यांनी कोरा ठेवला होता. गावात विहिरी दोन. एक किशनरावांच्या दारातली, गल्लीत. दुसरी वस्तीची, सडकेला लागून. बहात्तरच्या दुष्काळात वस्तीच्या बायका घागरी घेऊन गावच्या विहिरीवर आल्या होत्या. त्यांना दोर टाकू दिला नाही, आणि नको म्हणणाऱ्यांत किशनराव सगळ्यात पुढं होते, तेव्हाही आवाज हाच. मग वस्तीनं चार महिने खोदून आपली विहीर काढली. आता कोऱ्या रकान्यात लातूरला गेल्यावर, स्वतःच्या पेनानं, 'आमच्या दारातील' असं लिहायचं त्यांनी ठरवलं होतं. गावासमोर लिहिलं असतं तर उगीच चर्चा झाली असती.

लिंबाजीनं गाडीचं बॉनेट उघडून ऑईल मोजायची पट्टी काढली, बोटावर ऑईल घासलं आणि म्हणाला, "किशनराव, इंजनचं ऑईल पार काळं झालंय. सोमवारच्या आत बदलावं लागतंय. नांदेडला जाऊन राहिले ना तुम्ही गाडीच्या कागदाला? येताना ट्वेंटी डब्ल्यू फोर्टी आणा."

"ते काय असतंय?"

"ऑईल किती घट्ट, किती पातळ, त्याचा नंबर हाय. थंडीत ऑईल आळतंय, उन्हात पातळ होतंय. हे दोन्हीला चालतंय. सकाळच्या गारठ्यात वीस नंबरावानी पळतंय, इंजन तापलं की चाळीसवानी टिकतंय. ऑईल वरपर्यंत चढलं पायजे बगा. लई घट्ट आसलं तर खालीच बसून राहतंय आन वर लोखंडावर लोखंड घासतंय."

कागदावर त्यानं लिहून दिलं, २० डब्ल्यू ४०. किशनरावांनी कागद खिशात घातला. लिंबाजीनं सांगितलेलं ऐकायचं, तसंच दुकानात जाऊन म्हणायचं, आणि तेच आणायचं, म्हणजे मालक कोण आणि ड्रायव्हर कोण? हा विचार त्यांना नांदेडपर्यंत पुरला.

नांदेडात वीरण्णाचं ऑईलचं दुकान होतं. वीरण्णा स्वभावानं गरीब, गिऱ्हाइकाशी वाद न घालणारा. त्यानं २० डब्ल्यू ४० चा डबा काउंटरवर ठेवला. किशनरावांनी तो उचलला, कानाशी धरला आणि हलवला. आत खळखळ वाजलं.

"हे तं पाण्यावानी वाजून राहिलंय की ओ!"

"ऑईल हाय साहेब. असंच वाजतंय."

किशनरावांनी डब्यावरचं वाचलं. इंग्रजी त्यांना अक्षरापुरतं यायचं, मॅट्रिकला त्यांनी तीनदा भेट दिली होती. वीस, मग डब्ल्यू, मग चाळीस. डब्ल्यू! त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वॉटर! वीस वॉटर! वीस भाग पाणी आणि चाळीस भाग ऑईल! मराठवाड्यात माणसाला प्यायला पाणी नाही आणि हे लेकाचे ऑईलात घालून विकून राहिलेत, तेही डब्यावर उघडउघड छापून! सरजाबाईनं वीस वर्षांत एवढी हिंमत केली नव्हती.

"मला विना डब्ल्यूचं दाखवा," ते म्हणाले. म्हणताना त्यांनी वीरण्णाकडं असं बघितलं, जणू चोर सापडला.

वीरण्णाला काही कळलं नाही. त्यानं नुसत्या चाळीसचा डबा काढला.

"त्याच्या वरचं?"

"वरचं नव्वद हाय, एकशे चाळीस हाय. पण ते गिअरचं, साहेब. ट्रॅक्टरच्या..."

"एकशे चाळीस आणा." किशनरावांनी डबा हलवला. आवाज नाही. पुन्हा हलवला. डबा गुमान. खानदानी माणूस असाच असतो, उगीच खळखळ करत नाही. "ह्याला म्हणतात माल! कुठं चाळीस आन कुठं एकशे चाळीस!"

"साहेब, हे इंजनात घालीत न्हाईत."

"गिअर काय आन इंजन काय, एकाच गाडीत हाय ना? का गिअर शेजाऱ्याच्या गाडीत असतंय?"

यावर वीरण्णाकडं उत्तर होतं, पण त्याला दुकान चालवायचं होतं. त्यानं दोन डबे कागदात बांधून दिले.

रविवारी दुपारी किशनरावांनी डबे लिंबाजीसमोर ठेवले, चारचौघांत ठेवले. सरजाबाईही रिकामी चरवी घेऊन उभी होती. लिंबाजीनं झाकण काढून वास घेतला.

"किशनराव, हे गिअर ऑईल हाय. गंधकाचा वास येऊन राहिला. इंजनला ह्याचा काही उपयोग न्हाई, उलट इंजन जाईल."

"तुझ्या त्या चाळीसमंदी वीस वॉटर हाय, मालूम हाय का तुला? डब्यावर लिहिलंय! डब्ल्यू!"

लिंबाजीनं झाकण परत लावलं. मग शांतपणे म्हणाला, "डब्ल्यू म्हणजे विंटर. हिवाळा. थंडीचा नंबर."

बघणाऱ्यांतून कुणीतरी खोकल्याचं निमित्त केलं. सरजाबाईनं पदर तोंडाला लावला. किशनरावांचे कान तापले. चूक कळली का त्यांना? कळली असेल, आतल्या आत, कुठंतरी. पण ती लिंबाजीकडून कळली होती, आणि चारचौघांत कळली होती, म्हणजे ती मानता येणार नव्हती.

"आपल्या भागात हिवाळा असतोय का? विलायतेत असतोय हिवाळा," ते म्हणाले. "वत."

"मी वतणार न्हाई."

मग किशनरावांनी स्वतः बाह्या सारल्या. लिंबाजीनं जुनं काळं ऑईल काढून ठेवलंच होतं. डब्यातून नवं पडता पडत नव्हतं. गुऱ्हाळावरच्या काकवीसारखी तार धरून उतरत होतं. एक डबा रिकामा व्हायला अर्धा तास लागला. किशनराव दोन्ही हातांनी डबा धरून उभे होते, पाठ दुखत होती, पण सोडतील तर ते किशनराव कसले! "बगा," ते सगळ्यांना म्हणत होते, "ह्याला म्हणतात घट्टपणा."

"दरखास्त तेवढी माझ्याकडं द्या," लिंबाजी शेवटी म्हणाला. "गाडीचं तुमचं तुम्ही बगा. मी सकाळी एस्टीनं निघतो. माझी माय बी तेच पाणी पिती."

"दरखास्त गाडीनंच जाईल," किशनराव म्हणाले.

सोमवारी सकाळी कडाक्याचं गार होतं. विलायतेतला हिवाळा रातोरात कवठाळवाडीला मुक्कामाला आला होता. किशनराव काळा कोट घालून मागच्या सीटवर बसले, दरखास्त आतल्या खिशात. टँकर चुकू नये म्हणून लिंबाजी स्टेअरिंगच्या चाकावर बसला आणि त्यानं चावी फिरवली. इंजन एकदा कण्हलं, अर्धं वळलं आणि बसलं. पुन्हा फिरवली. नुसतं 'घुर्र'. तिसऱ्यांदा तेही नाही. आत सगळं आळून गेलं होतं.

"ढकला!" किशनरावांनी आतूनच हुकूम सोडला.

आठ माणसं लागली. पोटात तांब्याभर पाणी नसलेली माणसं, तोंडाला कोरड पडलेली. पण टँकरचं काम म्हणून त्यांनी वेशीपर्यंत गाडी रेटली. सडकेच्या उतारावर ती एकदाची धडधडली. लिंबाजीनं समोर बघितलं आणि लगेच पाय आखडता घेतला.

"किशनराव, लाल दिवा लागलाय."

किशनरावांचा चेहरा उजळला. "लागला? आत्ताच?"

"ऑईलचा दिवा हाय. ऑईल वर चढून नाही राहिलं. बंद करावं लागंल."

"अरे येड्या, लातूरला ज्यांच्या गाडीला लाल दिवा असतोय ना, त्यांना लोक उठून नमस्कार घालतात. शकुन हाय हा. चल!"

लिंबाजीनं कडेला घेऊन इंजन बंद केलं. "मी चालवणार न्हाई. मारून टाकताव तुम्ही तिला."

"मग सरक तिकडं."

किशनराव पुढं येऊन चाकावर बसले. उतार होताच, गाडी पुन्हा सुरू झाली. नांदेडच्या मैदानात त्यांनी चार दिवस गाडी शिकली होती. पुढं न्यायला शिकले होते. मागं घ्यायला शिकायचं राहून गेलं होतं, आणि ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं.

चाकूर गेलं. लाल दिवा तसाच. लिंबाजी शेजारी बसून कानानं गाडी ऐकत होता. पुढं इंजनातून टकटक सुरू झाली, जणू आत कुणी कोंडलंय आणि दार वाजवतंय. किशनरावांनी आणखी जोरात पाय दाबला. टकटकीची खडखड झाली. आष्टामोडच्या अलीकडं 'खडाक' असा एक आवाज झाला, गाडीनं झटका दिला आणि जागच्या जागी उभी राहिली. बॉनेटमधून धूर निघाला. किशनरावांनी चावी फिरवली, पुन्हा फिरवली. काहीच नाही. शिवारात एक टिटवी तेवढी ओरडत होती.

"जाम झालं," लिंबाजी म्हणाला. "इंजन गेलं."

"थंड झालं की निघंल."

"आता न्हाई निघत ते."

घड्याळात दहा वाजून गेले होते. तेवढ्यात मागून एस्टी आली. लिंबाजीनं रस्त्यात उभं राहून हात केला. कंडक्टरनं दार उघडून आतल्या गर्दीकडं बघितलं आणि ओरडला, "एकच! एकालाच जागा हाय!"

किशनरावांनी एक पाय उचलला होता. खरं तर जायचं त्यांनीच होतं. पण खिडक्याखिडक्यांतून तोंडं बाहेर आली होती. त्यातलं एक चाकूरच्या भुसार दुकानदाराचं होतं, एक त्यांच्या व्याह्याच्या भावकीतलं. गाडी रस्त्यात टाकून गाडीचा मालक एस्टीत, कोंबडीवाल्याच्या मांडीला मांडी लावून! लातूरच्या स्टँडवर उतरताना समितीतल्या कुणी पाहिलं तर? त्यांनी पाय खाली ठेवला. आतल्या खिशातून दरखास्त काढून लिंबाजीच्या हातात कोंबली.

"तू हो पुढं. सांग, किशनराव मागून गाडीनं येऊन राहिलेत."

एस्टी निघाली. धूळ खाली बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की रकाना कोरा राहिला.

दुपारी त्यांनी एक बैलजोडी मिळवली आणि गाडी दोरानं ओढत गावाकडं आणली. चाकावर स्वतः बसले होते, कोट अंगात, काच वर. समोर बैलांच्या शेपट्या. वाटेत ज्यानं त्यानं रामराम घातला आणि ज्याला त्याला तो परत द्यावा लागला.

दिवस कलायला लिंबाजी आला. "झालं काम," तो म्हणाला. "अकराला पाच कमी असताना नंबर लागला. बेस्तरवारपासून टँकर येतोय."

"आन विहीर? रकाना कोरा होता."

"साहेबांनी विचारलं, टँकर कुठवर जातोय? म्हणलं, सडकेवरच्या विहिरीपर्यंत जातोय, गल्लीत वळत न्हाई. तसं त्यांनी स्वतःच लिहिलं."

"म्हणजे वस्तीची?"

"हाव. वस्तीची."

लिंबाजी खोटं बोलत नव्हता. टँकर गल्लीत खरंच वळत नव्हता.

"ह्या घरात त्या विहिरीचं पाणी येणार न्हाई," त्यांनी बायकोला, सिंधूबाईला, तिथल्या तिथं बजावलं.

"मग तुमच्या डब्यातलं प्या," सिंधूबाई म्हणाल्या. "दुसरा निम्मा उरलाय की. घट्ट हाय."

गुरुवारी टँकर आला. गाव घागरी घेऊन वस्तीवर लोटलं, कुणालाही काही आठवलं नाही. घसा कोरडा असला की माणसाला बऱ्याच गोष्टी विसरता येतात. किशनराव मात्र हट्टानं घरात बसले. दोन दिवस त्यांनी पाण्याला शिवलं नाही. फक्त दूध प्यायले, सकाळ-संध्याकाळ पेलाभर. "माणसात करारीपणा पायजे," ते म्हणायचे आणि मिशी पुसायचे.

तिसऱ्या दिवशी पेला तोंडाला लावून ते थबकले. "सिंधे, दूध पातळ कामून लागतंय?"

"टँकर येऊन राहिला की," सिंधूबाई भाकरी थापत म्हणाल्या. "सरजाबाईला परत पाणी मिळू लागलं. पहिल्या दिवसापासनं पातळ हाय. तुमाला आज कळलं."

"कुठलं पाणी?"

सिंधूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. किशनराव पेल्याकडं बघत बसले. दोन दिवसांचा करारीपणा वस्तीच्या विहिरीतला निघाला होता. मग ते उठले, माजघरातली तांब्याची घागर घेतली आणि कोट न घालता बाहेर पडले.

वस्तीच्या विहिरीवर घागरींची रांग सडकेपर्यंत गेली होती. तंटे होऊ नयेत म्हणून सरजाबाई चुन्यानं घागरींवर नंबर घालत होती. मालकांना बघून सरजाबाई उठली, पदर सारखा केला. तिनं नुकताच अठ्ठावन्न घातला होता. किशनरावांच्या घागरीवर तिनं सावकाश, मोठ्या आकड्यांत, एकशे चाळीस घातला.

"हे काय? अठ्ठावन्ननंतर एकुणसाठ येतंय."

"तुमाला ल्हान नंबर कसा देऊ, मालक?" सरजाबाई म्हणाली. "तुमाला मोठाच लागतोय."

हसू आधी रांगेच्या पुढं फुटलं, मग मागं पोचलं. किशनरावांनी ओरडायला तोंड उघडलं, पण घसा सुकला होता, आवाज निघाला तो चिरका, बारीक. चौथ्या घरातली सून रांगेतच उभी होती, ती जागची हलली नाही. ते आपल्या घागरीजवळ, धुळीत, बसले. लिंबाजी तेवढ्यात पान्यांची पिशवी घेऊन जात होता. त्यानं सगळं बघितलं आणि तो तसाच पुढं गेला. बोलला असता तर किशनरावांना बरं वाटलं असतं.

उन्हं उतरेपर्यंत रांग सरकत होती. त्यांचा नंबर आला तेव्हा विहिरीत बादली तळाला खरडत होती. दोर ओढायची त्यांना सवय नव्हती, म्हणून लिंबाजीची माय, भामाबाई, पुढं झाली. सत्तरीची बाई. बहात्तरला गावच्या विहिरीवरून रिकामी घागर घेऊन माघारी फिरलेल्यांत ती होती. तिनं बादली वर काढली आणि त्यांच्या घागरीत ओतली. ओतताना पाणी पडेना. काळा, सुस्त गाळ, तार धरून उतरत होता.

"घ्या मालक," सरजाबाई मागून म्हणाली. "एक थेंब डब्ल्यू न्हाई."

सगळे हसले. भामाबाई तेवढी हसली नाही. तिनं आपल्या पदराचं टोक किशनरावांच्या घागरीच्या तोंडावर धरलं आणि दुसरी बादली त्यातून ओतू लागली.

"फडक्यानं गाळून घ्यावं लागतंय, बाबा," ती म्हणाली. "बहात्तरला आमाला ठावं झालं ते. तुमाला कोण सांगणार?"